जहाजाच्या तोंडावरची बाल्कनी

जे दार उघडायचंच नाही ते बसवायचं कशाला, हा माझा प्रश्न होता आणि अजूनही आहे. अडतीस वर्षं मी लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवल्या. फुगलेली दारं पाहिली, कुरकुरणारी पाहिली, जावयाच्या तोंडावर आपटलेलीसुद्धा पाहिली. पण गिऱ्हाइकाला बाल्कनीची खोली द्यायची आणि बाल्कनीला कुलूप घालायचं, असे महाभाग मला त्या जहाजावरच भेटले.

आमची खोली जहाजाच्या अगदी तोंडावर होती. बाकीच्यांच्या बाल्कन्या बाजूला, त्यांना समुद्र कडेने सरकताना दिसणार. आमची समोर. ती मी हट्टाने घेतली होती, बायकोसाठी. तिची नजर कडेकडून मिटत चालली आहे. डावं-उजवं दिसत नाही, फक्त समोरचं दिसतं, तेही जाड भिंगांचा चष्मा लावून. डॉक्टर म्हणाले, एक वर्ष, फार तर दोन. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "लहानपणापासून सगळे सांगायचे, नाकासमोर बघून चाल. आता दुसरा इलाजच नाही," असं म्हणून ती हसायची. मला हसू येत नसे.

जहाज बंदरात उभं होतं तोवर बाल्कनी उघडी होती. तिथून आम्ही गोदामं आणि क्रेन पाहिल्या. जहाज सुटलं आणि खोल्या आवरणारी बाई आली, खुर्च्या आत घेतल्या आणि सरकत्या दाराला किल्ली लावली.

"चालू जहाजावर समोरून वारा फार येतो," ती म्हणाली. "वारा उतरला की उघडू. आणि उघडल्यावरही एक लक्षात ठेवा काका, हे दार आणि खोलीचं दार एकदम उघडायचं नाही. वारा आरपार जातो."

मला सांगत होती. दारांबद्दल.

"आणि अंधार पडला की पडदे घट्ट ओढा. आपल्या दिव्याचा उजेड पुढे पडला, तर वर जहाज चालवणाऱ्यांना समोरचं दिसत नाही."

म्हणजे दिवसा वारा आणि रात्री पडदा. मग आम्ही बाल्कनी वापरायची कधी, जहाज भंगारात निघाल्यावर?

मी खाली चौकशीच्या टेबलापाशी गेलो. पांढऱ्या कपड्यांतला अधिकारी फार गोड बोलला. गोड बोलणाऱ्याचा मला आधीच राग येतो.

"काचेतून दिसतोय ना समुद्र?" त्याने विचारलं.

काचेवर बाहेरून मिठाचा थर बसला होता. माझ्या बायकोला त्या काचेतून फक्त काच दिसत होती. ते सांगितलं तर म्हणाला, वरच्या डेकवर जा. तिथे आम्ही पहिल्याच दिवशी गेलो होतो. कडेने येणारी माणसं तिला दिसत नाहीत, तेव्हा दोघं-तिघं धडकले, एकाने वर "बघून चाला" असंही ऐकवलं. ती कठडा धरून उभी राहिली आणि खोलीत चला म्हणाली. अधिकाऱ्याने मान हलवली आणि पुन्हा वाऱ्याचंच पालुपद लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती काचेसमोर खुर्ची घेऊन बसली होती. मी येरझाऱ्या घालत होतो आणि जहाजाच्या मालकापासून बिजागरीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होतो.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "मला इथेही बरं वाटतंय."

तिचं हे 'राहू द्या' मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुलपाकडे नीट पाहिलं. एक पट्टी, चार स्क्रू. माझ्या नेलकटरच्या कानशीने चारही निघाले. दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं, आणि हे मी तेव्हा अभिमानाने म्हणालो.

दार सरकवलं आणि वारा असा आत घुसला की पलंगावरची चादर उडाली. मी तिला धरून बाहेर नेलं. तिने दोन्ही हातांनी कठडा पकडला. तोंडावर पाणी उडत होतं.

"येतोय हो," ती ओरडून म्हणाली. "सगळा समुद्र अंगावर येतोय."

ती हसत होती. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात ती खोल्या आवरणारी बाई टॉवेल घेऊन आली. तिने दार वाजवलं असणार, त्या वाऱ्यात आम्हाला ऐकू आलं नाही. तिने आपल्या किल्लीने उघडलं. आतली कडी मी लावली नव्हती. अडतीस वर्षं दारांत काढलेल्या माणसाने. वारा आरपार गेला, खोलीचं दार तोफेसारखं आपटलं. बायको दचकून मागे वळली. तिला कडेचं दिसत नाही, त्यामुळे आवाज आला की सगळी मान वळवावी लागते. वाऱ्याने चष्म्याची काडी उचलली. चष्मा भिंतीवर आदळला आणि बाजूच्या कठड्यावरून खाली समुद्रात गेला.

मी त्या बाईवर ओरडलो. माझ्या बायकोने माझा दंड चाचपून शोधला आणि घट्ट धरला.

"तिला काही बोलू नका," ती म्हणाली.

दुसरा चष्मा घरी, टेबलाच्या खणात. परतायला अजून चार दिवस. जहाजाच्या डॉक्टरांकडे वाचायचे चष्मे होते, ते लावून तिने नाही म्हणून मान हलवली. अधिकारी येऊन गेला. ओरडला नाही, पट्टी बसवून घेतली आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. खोल्या आवरणारी बाई आली, तिने दार उघडलं, खुर्च्या बाहेर मांडल्या, काच पुसली आणि गेली. एकच रात्र थांबायचं होतं मला.

आम्ही बाहेर बसलो. बायकोने चेहरा समोर धरला होता.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"पाणी."

"कसलं पाणी?"

मी बघत राहिलो. चार दिवस माझ्या तोंडाचा पट्टा बंद नव्हता.

"एवढं सगळ्यांशी भांडलात माझ्यासाठी," ती म्हणाली. "आता मला नीट सांगा तरी."