अर्ध्या वेगाची लाट

तलावावर कुणी बोट बेफाम हाणली की मी गस्तीच्या लाँचवरून असा आवाज लावते की काठावरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. माझं तोंड तलावभर प्रसिद्ध आहे. बंद पडायचं ते फक्त माझ्या बाबांसमोर.

बाबांनी जन्मभर फेरीबोट चालवली. ते निवृत्त झाले, पाठोपाठ आई गेली, आणि घर त्यांना खायला उठायला लागलं. म्हणून मी नि नवऱ्याने त्यांना छोटी मोटरबोट घेऊन दिली. तेव्हा कुठे माणूस पुन्हा दोन घास जेवायला लागला.

पण तक्रारी! वल्हेवाले, गळ टाकून बसलेले, सगळे बाबांच्या नावाने शंख करायचे. खरं तर बाबांइतका सभ्य माणूस तलावावर दुसरा नाही. होडी दिसली की लगेच वेग अर्धा करायचे. फेरीबोट जडशीळ, तिचा अर्धा वेग म्हणजे गोगलगाय. मोटरबोटीचं उलटं. भरधाव असते तेव्हा ती पाण्यावर उचललेली असते. अर्ध्या वेगात बुड टेकते आणि मागे ही मोठ्ठी लाट उठते. अगदी रांगत नेली तरच पाणी शांत राहतं. बाबा मागे वळून बघतील तर शपथ!

"बाबा, अजून हळू करा हो," मी सांगायचे.

"चिमे, बापाला बोट शिकवतेस? त्रास होत असता तर लोकांनी एवढ्या प्रेमाने हात केला असता का? उभे राहून हात हलवतात गं! मीही हलवतो. तुझी आई गेल्यापासून एवढं कुणी विचारलं नव्हतं मला."

कप्पाळ माझं! ते हात 'अरे बाबा, थांब' म्हणत होते, हे कुठल्या तोंडाने सांगू?

मग तलावाच्या ऑफिसातून तंबी आली. अजून एक तक्रार, की परवाना रद्द. आणि बोट जप्त करून आणायची कुणी? तर मीच! बोट गेली की बाबा पुन्हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

रविवारी मी त्यांना वल्ह्याच्या होडीत घातलं आणि त्यांची बोट नवऱ्याच्या हाती दिली. "अगदी बाबांसारखी चालव. आम्ही दिसलो की वेग अर्धा," मी त्याला बजावलं होतं. "आणि आम्ही काहीही केलं तरी हसून हात कर."

"बघू तरी जावईबापूंची करामत," बाबा खुशीत म्हणाले.

जावईबापू आले, वेग अर्धा केला, आणि आमची होडी अशी कलली की बाबांच्या मांडीवर पाणीच पाणी. ते धडपडत अर्धवट उठले नि दोन्ही हात हलवत ओरडले, "अरे हळू! बुडवतोस का काय!"

नवऱ्याने हसून हात केला.

बाबांचे हात तसेच वर राहिले. मग ते हळूच खाली बसले.

"म्हणजे ते सगळे..." ते म्हणाले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? जगाला ओरडतेस!"

"तुम्ही इतके खूश होता, बाबा. माझी जीभच उचलेना."

"वेडी आहेस." त्यांनी ओल्या बाहीने तोंड पुसलं. "तुझी आई असती तर पहिल्याच दिवशी झापलं असतं मला. ती गेल्यापासून सगळे गोड बोलतात. एक माणूस रागवत नाही गं माझ्यावर."

मग मी रागावले. वल्ही टाकून, आवाज चढवून, त्या लाटेपासून सुरू करून न घेतलेल्या गोळ्यांपर्यंत सगळं काढलं. आसपासच्या होड्या थांबून बघायला लागल्या. बाबा मान खाली घालून ऐकत होते, आणि मध्येच म्हणाले, "हं, पुढे बोल."