कारणाचा रकाना

सोमवारी शाळा उघडायची होती आणि शुक्रवारच्या दुपारपर्यंत दिनकरराव गुरुजींचे पत्रक तिसऱ्या सूचनेपाशीच अडून राहिले होते.

पत्रक दरवर्षीचेच. ‘सर्व पालकांस सविनय नमस्कार. दिनांक ११ जून १९७९ पासून नवे शैक्षणिक वर्ष सुरू होत आहे. पाल्यांसह आपले शाळेत सस्नेह स्वागत असो.’ त्याखाली महत्त्वाच्या सूचना. पहिली, मुलाची जन्मतारीख अंदाजाने सांगू नये. दुसरी, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुलींना घरी ठेवू नये. इथवर लेखणी सरळ चालली होती. तिसरी त्यांनी दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. ‘ज्या विद्यार्थ्यांची नावे गेल्या वर्षी खारिज झाली आहेत, त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला जोडून नव्याने अर्ज करावा.’ नियमाला धरून वाक्य निर्दोष होते. पण ‘खारिज झाली’ असे लिहिले की ती कोणी केली हे सांगावे लागत नाही, आणि व्याकरणाची ही सोय गुरुजींना आज टोचत होती.

खारिज झालेली नावे अकरा होती. अकराही बौद्धवाड्यातली.

गेल्या साली विद्यापीठाचे नाव बदलण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात भरदिवसा वाड्यातली चौदा घरे पेटवली गेली. पेटवणारे काही बाहेरगावचे होते, काही याच गावचे. माणसे उभ्या पिकातून पळाली म्हणून वाचली. कोणी परभणीला गेले, कोणी येलदरीला, कोणी राणीसावरगावकडच्या सोयऱ्यांकडे. हिवाळ्यात छपरांसाठी सरकारी पत्रे आले, तशी ती एकेक करून परतली. मुले मात्र शाळेत आली नाहीत.

“काय गुर्जी, पोथी लिवायलाव का?” शाळा समितीचे अध्यक्ष भगवानराव दारातून आत येत म्हणाले. धोतराचा सोगा हातात धरून ते खुर्चीवर बसले. “पट किती भरतोय?”

“अकरा धरले तर सातवीचा वर्ग राहतो. न धरले तर झरीला जोडतील.”

भगवानरावांची नात यंदा सातवीत होती आणि तिला झरीपर्यंत चालत पाठवायला घरचे तयार नव्हते.

“मंग बोलवा की त्यायला. आपण येऊ नका म्हनलंय का? या, बसा, शिका. फक्त जुनं उकरू नका, म्हंजे झालं.”

तिसरी सूचना शेवटी तशीच ठेवून गुरुजींनी पत्रक पुरे केले. शिपाई भुजंग पितळी थाळी घेऊन ते पुकारायला निघाला. गुरुजींनी त्याला वाड्यातही जा म्हणून सांगितले. तो मान हलवून गेला. पण त्याची थाळी मारुतीच्या पारापासून निघून वेशीपाशी थांबते, हे गुरुजींना वीस वर्षांपासून ठाऊक होते. पूर्वी वाड्यातलाच माणूस गावभर दवंडी देत फिरे. धर्मांतरानंतर वाड्याने ते काम टाकले, आणि तेव्हापासून गावाची दवंडीही वाड्यात शिरेनाशी झाली. म्हणून पाच वाजता, ऊन उतरत असताना, पत्रकाची एक प्रत घडी करून खिशात घालून गुरुजी स्वतःच निघाले.

नव्या पत्र्यांवर ऊन इतके चमकत होते की डोळे मिटावे लागत. कस्तुराबाई भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देत होती. गुरुजींना पाहून तिने पदर सावरला, पण हात थांबवला नाही.

“या गुर्जी. बाज टाक गं,” ती आतल्या लेकीला म्हणाली.

बाज घेऊन आली ती सत्यशीला. चौथीला वर्गात पहिली आलेली मुलगी. पाचवीचे वर्ष तिने येलदरीला, धरणावर कामाला असलेल्या मामाकडे काढले होते. तिचा बाप सिताराम पलीकडे दोरी वळत बसला होता. म्हातारी बायनाबाई आणि आणखी चारपाच माणसे गोळा झाली. गुरुजींनी पत्रक पुढे केले. “वाच बेटा.”

सत्यशीलाने खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. ‘सस्नेह स्वागत’ म्हणताना ती किंचित हसली. तिसऱ्या सूचनेवर तिचा आवाज हळू झाला.

“खारिज म्हंजी?” कस्तुराबाईने विचारले.

“नाव काढलं, आई.”

“कुणी काढलं?”

मुलीने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी म्हणाले, “नियमच आहे तसा. महिनाभर मूल गैरहजर राहिलं की नाव कमी करावं लागतं.”

“नियमाचं आमाला काई म्हननं न्हाई,” कस्तुराबाई म्हणाली आणि घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद होता. शाळा सोडल्याचा दाखला. येलदरीच्या शाळेसाठी गुरुजींनीच टपालाने पाठवलेला, त्यांच्याच वळणदार अक्षरातला. “ह्ये वाच. त्यो कारणाचा रकाना.”

सत्यशीलाला कागद पाहावा लागला नाही. “शाळा सोडण्याचे कारण. पालक स्वेच्छेने गाव सोडून गेले.”

सिताराम दोरी वळता वळता म्हणाला, “आमी लय हौशी मानसं, गुर्जी. पायात काई न घालता निघालो. काटे बी सवेच्छेनंच मोडले.”

“मही शेळी ऱ्हायली ना बांधलेली,” बायनाबाईने त्याला जोड दिली. “तिला बी गाव सोडायचं नव्हतं. ती सवेच्छेनं जळाली.”

सगळे हसले. वर्षभर तो शब्द त्यांनी इतक्यांदा उलटसुलट केला असावा की आता त्याची थट्टाच चालू शकत होती. हसले नाहीत ते गुरुजी आणि कस्तुराबाई.

“येलदरीच्या मास्तरनं पोरीला इच्यारलं, तुमी घर कामून सोडलं? हिनं सांगितलं. तर त्यो म्हनला, कागदावर तर तसं न्हाई,” कस्तुराबाई म्हणाली. “मह्या लेकीला त्यानं लबाड म्हनलं. गुर्जी, लेकरं आमी पाठवतो. अकराची अकरा. पर त्यो शबुद काढा.”

“रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही, कस्तुराबाई. नोकरीवर येतं. वरिष्ठांची परवानगी लागते.”

“अन् लिवताना घेतली व्हती का परवानगी?”

गुरुजी बाजेवरून उठले.

परतताना पांदीच्या अरुंद वाटेने चालता चालता त्यांना तो सप्टेंबरचा दिवस आठवला. विस्तार अधिकारी तपासणीला यायचे होते. दाखल-खारिज रजिस्टर समोर होते. शाळेत कधी आलेल्या, कधी गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणारे ते जाड पुस्तक. निजामाच्या राजवटीपासूनचे नाव अजून टिकवून असलेले. ‘जाळपोळ’ लिहावे तर प्रश्न येणार. ‘सतत गैरहजर’ लिहावे तर तुम्ही घरी जाऊन चौकशी केली का, असे विचारणार. आणि चौकशीला घरे कुठे होती? मग तो शब्द आला. राजीनाम्याच्या अर्जांत सापडणारा, सभ्य, कोणालाही न दुखवणारा. त्यांनी तो एकदा लिहिला आणि खाली दहा वेळा नुसते ‘सदर’ लिहिले. कोणी दटावले नव्हते. भगवानरावांनीही काही सुचवले नव्हते. आपल्याला भय घालायला कोणी आलेच नाही, हीच गोष्ट त्यांना आता सर्वांत जड वाटत होती.

शनिवार त्यांनी असाच घालवला. वर्ग झाडून घेतले, खडूच्या पेट्या मोजल्या, फळ्याला काळा रंग दिला आणि रंग ओला असतानाच त्याला बोट लावून पाहिले. रविवारी पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, दोनदा विचारले, “काही हरवलंय का तुमचं?” त्यांनी नाही म्हणून सांगितले आणि पुन्हा शाळेत जाऊन रजिस्टर उघडून बसले. नियमांचे पुस्तक त्यांना पाठ होते. चुकीची नोंद मुख्याध्यापकाने लाल शाईने, मूळ अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारून, कारण देऊन, सही-तारखेसह दुरुस्त करावी आणि वरिष्ठांस कळवावे. चूक म्हणजे हातचूक, एवढेच नियमाला ठाऊक होते. जाणूनबुजून केलेल्या नोंदीला काय म्हणावे, हे त्यात कुठे नव्हते.

सोमवारी आठ वाजता पटांगण भरले. भगवानराव खुर्चीवर. बायका ओसरीच्या कडेला, पुरुष कडुनिंबाखाली, मुले नव्या गणवेशांत आणि जुन्याही. वाड्यातली माणसे आली होती, पण फाटकाबाहेर बाभळीपाशी उभी होती. अकरा मुले त्यांच्या पुढ्यात. एकाही मुलाच्या हातात अर्ज नव्हता.

गुरुजींनी पत्रक वाचायला घेतले. स्वागत झाले. पहिली सूचना झाली, दुसरी झाली. दुसरीवर सुलाबाई नावाची बाई मोठ्याने म्हणाली, “मंग धाकटं कोन सांभाळील? तुमी?” आणि लोक हसले. तेवढ्या हशाच्या आडोशाने गुरुजींनी बाभळीकडे पाहिले.

“तिसरी सूचना,” ते म्हणाले, आणि थांबले. कागद खाली ठेवून त्यांनी टेबलावरचे रजिस्टर उघडले. “तिसरी सूचना मी चुकीची लिहिली आहे. अकरा मुलांची नावं खारिज झाली, असं मी लिहिलं. ती मी केली. आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं की पालक स्वेच्छेने गाव सोडून गेले. मला तसं लिहायला कोणी सांगितलं नव्हतं. ते खोटं आहे.”

पटांगणात कोणी खाकरले. भगवानराव खुर्चीतून पुढे झुकले.

“गुर्जी, आज लेकरायचा दिस हाय. ह्ये ऑफिसातलं काम ऑफिसात करा.”

“लेकरांचंच काम आहे, भगवानराव.”

“अन् आता काय लिवणार? कुणी पेटवलं ते बी लिवणार का? हितंच बसलेत समदे. नावं इच्यारून घ्या.”

शेवटची दोन वाक्ये हळू आवाजात आली होती, पण पुढच्या रांगेतल्या माणसांनी ती ऐकली आणि त्यांच्यातले दोघे उठून फाटकाकडे चालू लागले. कोणी पेटवले हे त्यांनाही पुरते माहीत होते. त्यातल्या एकाची मुलगी दुसऱ्या इयत्तेच्या रांगेत बसून पाटी पुसत होती. त्या पोरीपुढे आपल्याला किती लिहिता येईल, याचा अंदाज त्यांनी काल दिवसभर घेतला होता आणि उत्तर अपुरेच आले होते.

“ते पोलिसांच्या कागदात,” ते म्हणाले. “माझ्या रकान्यात मुलांनी शाळा का सोडली, तेवढंच मावतं.”

लाल शाईच्या पेनाने त्यांनी पहिली रेघ मारली. मग मोठ्याने उच्चारत लिहिले, “सत्यशीला सिताराम. घरे जाळली गेल्यामुळे पालकांना गाव सोडून जावे लागले.” सही केली, तारीख घातली. दुसरे नाव. पुन्हा तेच वाक्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लोक चुळबुळू लागले. ‘सदर’ लिहून भागले असते, पण गुरुजींनी अकराही वेळा पुरते लिहिले आणि पुरते वाचले. पाचव्या नावापाशी ओसरीच्या कडेची पार्वतीबाई नावाची बाई आपल्या लेकीचा दंड धरून तिला घेऊन गेली. सातव्यापाशी भगवानराव उठले.

“पट भरायला बसलाव का मोडायला? तालुक्याला आज दुपारीच कळंल. बदलीची तयारी ठेवा.” ते धोतराचा सोगा सावरत निघून गेले. त्यांची नात मात्र जागची हलली नाही. आजोबांनी तिला हाक मारली नव्हती.

अकरावी सही झाली तेव्हा गुरुजींचे बोट शाईने माखले होते. ते रजिस्टर तसेच उघडे घेऊन फाटकापाशी गेले. रजिस्टर शाळेबाहेर न्यायचे नसते, म्हणून फाटकाच्या आतच थांबले.

“वाच,” कस्तुराबाई लेकीला म्हणाली.

सत्यशीलाने वाकून वाचले. “जावे लागले.”

“लागले,” कस्तुराबाईने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. “व्हय. लागलंच.”

“आज लिवलं,” सिताराम म्हणाला. “उद्या सायेब यील आन् पुन्ना रेघ मारील. मंग?”

गुरुजींना काहीतरी धीराचे बोलावेसे वाटले. पण त्यांच्यापाशी तसे काही नव्हते. “मारतीलही. ती रेघ माझ्या हातची नसेल, एवढंच मी सांगू शकतो.”

“एवढंच का?”

“एवढंच.”

वाड्यातल्या माणसांत हलक्या आवाजात बोलणे झाले. एकजण म्हणाला, दोन-चार रोज बघू. दुसरा म्हणाला, ह्यो मास्तरच ऱ्हातो का बघू. कस्तुराबाईने मात्र कोणाला विचारले नाही. तिने सत्यशीलाच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकलले. तिच्यामागून आणखी चार मुले आत आली. सहा बाभळीखालीच राहिली.

“उभं काय ऱ्हायलाव, गुर्जी?” बायनाबाई ओरडली. “फुडचं वाचा की. चवथी सूचना काय हाय?”

गुरुजी टेबलापाशी परतले. पटांगणातली जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची जागा रिकामी झाली होती. उरलेली माणसे त्यांच्याकडे पाहत होती, काही रागाने, काही नुसतीच. पत्रकाला लाल बोटाचा ठसा लागला.

“चौथी,” त्यांनी वाचले. “पाल्य गैरहजर राहिल्यास पालकांनी शाळेला कारण कळवावे.”

“अन् न्हाई कळवलं तर?” सुलाबाईने विचारले.

कागदावर याचे उत्तर नव्हते. “तर मी घरी येऊन विचारीन,” गुरुजी म्हणाले. “पालक बोलतील तेच लिहीन.”

भुजंग घंटेखाली दोरी धरून उभा होता. साडेनऊ होऊन गेले होते.

“देऊ का, गुर्जी?”

गुरुजींनी फाटकाकडे पाहिले. बाभळीखालच्या सहातला एक मुलगा बापाच्या हातातून हात सोडवू पाहत होता आणि बाप सोडत नव्हता.

“थांब जरा,” ते म्हणाले.