तिसरी लोंबी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनाही पुढे येऊ द्या. आज नातालबाईची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट गोड आहे, पण आधी थोडं कारलं चावावं लागेल. मोंतीच्या, आमच्या नव्या भाताच्या सणाच्या पानात ते असतंच की.

उडुपीच्या पश्चिमेला, नदी समुद्रात शिरते तिथल्या वाडीत नातालबाई राहायची. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या मुलाची, वालेरची होडी वादळात उलटली. होडीत दोघे होते, वालेर आणि त्याचा लहानपणापासूनचा सोबती बस्त्यांव. बस्त्यांव कसाबसा किनाऱ्याला लागला. वालेरला समुद्राने उशिरा परत दिलं, मातीला.

त्या मातीला बस्त्यांव पुढे झाला, तेव्हा नातालबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू कोणत्या तोंडाने परत आलास रे?"

आईबाप नसलेला, तिच्याच घरची पेज पिऊन वाढलेला पोरगा तो. त्या दिवसापासून तो नदीकाठच्या खोपट्यात एकटा राहू लागला; ना होडीवर चढला, ना चर्चची पायरी चढला.

नातालबाईची जपमाळ मात्र चुकली नाही. पण 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' ही प्रार्थना म्हणताना, आपण दुसऱ्यांना क्षमा करतो ही ओळ आली की तिचे ओठ मिटायचे. ओळ सरली की पुन्हा उघडायचे. हे फक्त सून हिल्डाच्या लक्षात यायचं.

"मांय, मधेच गप्प का होतेस?"

"दातात काहीतरी अडकतं."

"तुला दात कुठे राहिलेत!"

सप्टेंबरात मोंती आली. बाळ मारियाला फुलं वाहून झाली, पोरींनी गाणी म्हटली, फादरनी नव्या भाताच्या लोंब्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक माणसामागे एक लोंबी मिळते. तिचे दाणे नारळाच्या दुधात घालून सगळ्यांनी एकत्र खायचे, तेच आमचं नवं. वाटायला म्हातारा पियाद उभा होता.

"घरात किती, नाताल?"

"तीन."

शब्द निघून गेल्यावर तिला कळलं, घरात आता ती आणि हिल्डा दोघीच. पियादचा हात क्षणभर थबकला, पण त्याने तिन्ही लोंब्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. ती त्या घेऊन निघाली.

घरी येऊन तिने लोंब्या ख्रिस्ताच्या तसबिरीखाली ठेवल्या आणि पाटावर बसून राहिली. चुलीवर भाजी लागत होती, तिकडे लक्ष नाही.

"एक परत देऊन येऊ का?" हिल्डाने हळूच विचारलं.

"आशीर्वादाची लोंबी परत देतात? शहाणीच आहेस."

"मग कोंबड्यांना—"

"जीभ झडेल तुझी! परदेशातल्यांचा दाणा पाकिटातून पाठवतात लोक. माझा वालेर गेला तिथे पोस्ट जात नाही." आणि मग ती तसबिरीकडे वळून भांडायलाच लागली. "तूच माझ्या तोंडून तीन वदवलंस ना? आता तूच खा ती! माझं पोर घेतलंस, वर माझी थट्टा करतोस?"

हिल्डाने तिला पोटभर रडू दिलं. तिचाही नवराच गेला होता. मग पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "मांय, गेल्या वर्षी किती आणल्या होत्यास?"

"चार."

"तू, मी, वालेर. चौथी कुणाची?"

नातालबाईने तसबिरीखालच्या लोंब्यांकडे पाहिलं.

"चारातून एक गेला. तुझी जीभ बरोबर बोलली, मांय."

भाजी करपायला आली तेव्हा नातालबाई उठली. पातेलं खाली उतरवलं आणि तशीच अनवाणी नदीकडे चालू लागली.

बस्त्यांवच्या खोपट्यात सुक्या मासळीचा वास भरला होता.

"मोंतीच्या दिवशी घरोघर नुसत्या भाज्या, आणि तुझ्याकडे मासळी? लाज नाही वाटत?"

तो धडपडून उभा राहिला. "सांगायला कोण आहे मला, मांय?" मग मान खाली घालून म्हणाला, "मी त्याचा हात धरला होता. शेवटपर्यंत धरला होता. सुटला."

समुद्राचा आवाज येत होता.

"चूल विझव," ती अखेर म्हणाली. "हात धू. कारलं केलंय. खाताना रडू नकोस, आणखी कडू लागेल."

हिल्डाने दाणे सोलून, ठेचून नारळाच्या दुधात घातले होते, गूळही. तीन वाट्या मांडल्या होत्या. खाण्याआधी घरातल्या मोठ्याने प्रार्थना सांगायची. नातालबाईने सुरुवात केली. ती ओळ आली आणि ओठ पुन्हा मिटले. हिल्डा जमिनीकडे बघत राहिली.

बस्त्यांवला वाटलं, म्हातारी विसरली. लहानपणी तिनेच मांडीवर बसवून शिकवलेली ती ओळ त्याने हलकेच म्हटली. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागोमाग, फाटक्या आवाजात, पूर्ण म्हटली.

त्यानंतर दुखायचं थांबलं, असं मी म्हणणार नाही. नातालबाई त्या ओळीशी अजूनही अडखळते. गाळत मात्र नाही. प्रभूलाही तेवढं पुरत असावं.

बस्त्यांव पुन्हा होडीवर जाऊ लागलाय. आज घरी प्रार्थनेला बसाल तेव्हा त्या ओळीपाशी जरा थांबा, आणि बस्त्यांवची आठवण ठेवा.