मऊ होडी

“खलाशी उभा आणि कमिशनरसाहेब त्याच्या गुडघ्यापाशी बसलेले. फोटोत हे कसं दिसेल, तुम्हीच सांगा की, मास्तर,” रावबहादूर भीमसेनराव म्हणाले.

धारवाडच्या पश्चिमेला केलगेरीच्या तळ्याकाठी पहिल्या फेरीनंतर स्वागत समितीचे पाचही सभासद उभे होते. चौघांनी जन्मात शिडाची होडी पाहिली नव्हती. पाचवे मुकुंदमास्तर. मळमड्डीत राहणारे, शाळेत गणित आणि चित्रकला शिकवणारे. त्यांनीही समुद्र पाहिला नव्हता. पण नौकाबांधणीवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी वीस वर्षे वाचले होते, आणि घरच्या घंगाळात लाकडी नमुने तरंगवले होते. गावाने याला वेड म्हटले. १९३४ साली साहेबांना तळ्यात जलविहार घडवायचे ठरले, तेव्हा त्याच वेडाला समितीने विद्वत्ता म्हटले. मास्तरांना हा बदल फार आवडला, आणि पुढचे सारे त्या आवडीतून घडले.

होडी त्यांच्याच आराखड्यावरून हुबळीच्या सुतारांनी बांधली होती. तळाशी दगड होते. खलाशी त्याला नीरम म्हणतात. होडी वाऱ्याने कलली की ते वजन तिला खसकन ओढून सरळ करी. पहिल्या फेरीत या खसकन सरळ होण्याने रावबहादुरांच्या पोटातली उपमा-चहाची न्याहारी तळ्याला अर्पण झाली. सबब दगड काढले गेले. साहेबांचे आसन खलाशाहून खाली नको, म्हणून दीड हात उंच चौथरा आला, चौथऱ्यावर मखमली खुर्ची आली, आणि खुर्चीवर चार खांबांचे जरीचे छत. श्रेष्ठ माणूस उंचच बसला पाहिजे, हा सिद्धांत पाण्याला ठाऊक नाही, एवढीच अडचण होती.

या बदलांनंतर, आठवड्याने दुसरी फेरी झाली. रावबहादूर प्रसन्न होते.

“आधी कशी गाढवासारखी झटके देत होती. आता झोपाळा आहे झोपाळा. डोळा लागला की हो माझा.”

“त्याचीच भीती वाटते, रावसाहेब,” मास्तर म्हणाले. त्यांनी घड्याळ लावून मोजले होते. आधी होडी कलून सरळ व्हायला दोन सेकंद लागत, आता पाच. “ती हळू डुलते, कारण तिला परत यायची घाई राहिलेली नाही. आणखी थोडी कलली, तर ती परत येणारच नाही.”

“म्हणजे सुख झालं हीच तक्रार म्हणा की.” बाकीचे हसले. “इरली बिड्री, मास्तर. राहू द्या. दाखला लिहून द्या. आणि हेडमास्तरची जागा जूनमध्ये रिकामी होते, तेही ध्यानात असू द्या.”

मास्तरांनी दाखला लिहिला. ‘नौका सुरक्षित व सुखकारक आहे, मात्र वारा वाढल्यास शीड उघडू नये.’ कारकुनाने टंकलिखित प्रत आणली तेव्हा स्वल्पविरामापुढचे वाक्य गळले होते. मास्तरांनी ते पाहिले. सगळी प्रत दोनदा वाचली. मग सही केली.

होडी हाकायला कारवारहून आणलेला गणपत खारवी त्या संध्याकाळी दोर गुंडाळत काठावर बसला होता. मास्तरांना पाहून उठला.

“मास्तर, एक सांगू? होडी मऊ झाली. तळव्यांना कळतं. मऊ होडी माणूस खाते, असं आमचा बाप म्हणायचा.”

“मग रावबहादुरांना सांग तसं.”

“मी? मला ते दोरी बांधायला ठेवतात, बोलायला नाही.” तो हसला. “पण तुमी कागद दिलात म्हणतात. सही केलात?”

“केली.”

गणपतने क्षणभर होडीकडे पाहिले. “मग माझे पायच चुकत असतील. गोड्या पाण्याची सवय नाही त्यांना.”

खरे सांगायला तेवढीच वेळ होती, आणि ती शांतपणे निघून गेली. मास्तर “जपून हो” असे काहीसे म्हणाले. सुशिक्षित माणसे असे म्हणतात, आणि आपण सावध केले होते अशी पुढे स्वतःची समजूत घालतात.

रंगीत तालमीच्या दिवशी साहेबांच्या वजनाइतके जोंधळ्याचे पोते खुर्चीला करकचून बांधले होते. काठावर बँड होता. होडी मध्यावर गेली, आणि माळावरून वाऱ्याचा एक झोत आला. फार मोठा नव्हे, बँडवाल्यांच्या टोप्याही उडाल्या नाहीत. होडी तिला शिकवल्याप्रमाणे सावकाश, सुखकारकपणे कलली, आणि कललेलीच राहिली. गणपतला उत्तम पोहता येत होते. पण जरीचे छत त्याच्यावर आले, आणि छताखालून पोहण्याची विद्या समुद्रावर शिकवत नाहीत.

पोते त्याच संध्याकाळी काढून जोंधळा वाळत घातला गेला. गणपत दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

साहेब ठरल्याप्रमाणे आले, हार घालून घेतले, आणि आपल्याला पाण्याची मुळातच आवड नाही असे बोलून गेले.

चौकशी समितीनेच केली. अहवाल इंग्रजीत होता आणि एका पानात आटोपला: खलाशी मद्याच्या अमलाखाली होता, नौकेत दोष नव्हता. खाली पाच सह्या होत्या.

पंधरवड्याने मास्तरांच्या दारात एक बाई उभी राहिली. कपाळ मोकळे, हातात घडी केलेला कागद. “मी सीता. गणपतची.”

मास्तरांनी पाट दिला. त्यांच्या पत्नी वेणूबाईंनी, रीतीप्रमाणे, गूळ आणि तांब्याभर पाणी आणून ठेवले.

“कचेरीतून ह्यो कागद दिला. समितीतल्या चौघांच्या घरी फिरले. कोण वाचून दाखवत नाही.”

मास्तर वाचू लागले, आणि मराठीत सांगताना थांबू लागले. “गणपतच्या हातून चूक झाली, असं लिहिलं आहे.”

“कसली चूक?”

“तो… प्यायला होता, असं.”

सीता रडली नाही. “शिमग्यालासुद्धा शिवत नव्हते ते,” ती म्हणाली, जणू कागदातली तारीख दुरुस्त करावी तशी. “आणि खाली कोणाची नावं?”

मास्तरांनी रावबहादुरांचे नाव वाचले. मग दोन वकिलांचे. मग अडत्याचे. आणि कागद घडी करून पुढे केला.

तिने तो उलगडला. अक्षर येत नव्हते. एकेका सहीवर बोट ठेवत ती खाली उतरली, आणि शेवटच्या, सगळ्यांत सुबक सहीवर बोट थांबले.

“ही पाचवी.”

आत वेणूबाईंचे भांडे वाजायचे थांबले.

“बाकी चौघांनी मला पायरीखाली उभं ठेवलं,” सीता म्हणाली. “तुमी पाट दिलात, तेव्हाच मला वाटलं, ही तुमची असणार.”

ती उठली. पाट भिंतीला नीट टेकवून ठेवला, पदर सावरला, आणि स्टेशनच्या वाटेला लागली. तांब्या काठोकाठ भरलेला होता. गुळाचा खडा तसाच होता. थोड्या वेळाने त्याला मुंग्या लागल्या, आणि वेणूबाईंनी तो उचलला नाही.