दर थापेमागे एक श्वास

या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, तेही हल्ली एकमेकांकडे बघून हसतात आणि विषय बदलतात. पण ती घडली, भरदिवसा घडली, एका अशा अतिदक्षता विभागात जिथे श्वासाचं मशीन एकच होतं आणि तेही भिंतीला टेकवून ठेवलं तरच चालायचं.

किस्सा तिथल्या भिंगरी सिस्टरचा. खरं नाव वेगळं, पण पायाला चाकं लावल्यासारखी पळायची म्हणून भिंगरी. इंजेक्शन टोचून ती पुढच्या खाटेशी पोचायची, तेव्हा कुठे मागचा पेशंट "आई गं" म्हणायचा.

त्या आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलातून भुलीच्या डॉक्टरीणबाई शिकवायला आल्या होत्या. सोबत एक रबरी पुतळा. हात नाहीत, पाय नाहीत, छातीला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. हवेची पिशवी त्याच्या तोंडाला लावायची आणि हाताने दाबून श्वास द्यायचा, एवढाच धडा. भिंगरीने पिशवी घेतली आणि रिक्षाचा भोंगा वाजवावा तशी दाबत सुटली.

"अगं थांब, थांब!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "श्वास द्यायचाय, निखारे फुंकायचे नाहीत. आत गेलेली हवा बाहेर यायला वेळ नको? छाती फुगून बसली की हृदयाकडे रक्त परत कसं येणार?"

भिंगरीला पटलं, पण तिच्या हाताला पटेना. आकडे मोजत दाबून बघितलं, तर आकडेही पळायला लागले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, माझ्या हातून कोणीतरी जाईल हो," ती हळूच म्हणाली.

वॉर्डातले ब्रदर सलाईन लावता लावता म्हणाले, "सावकाश होते ही, पण फक्त थापा मारताना. परवा उशीर का झाला ते सांगत होती. एकेक शब्द असा जपून टाकत होती, जसं काही जखमेला टाके घालतेय."

सगळे हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मग थाप मार," त्या म्हणाल्या. "एक वाक्य, एक दाब. मग हात सैल सोड आणि पुढची थाप जुळव."

भिंगरी तोंड उघडते न उघडते तोच दार धाडकन उघडलं. एका घाबऱ्याघुबऱ्या बायकोमागून दोघांनी तिच्या नवऱ्याला उचलून आत आणलं. लाकडं काढताना साप चावला होता. पापण्या मिटलेल्या, मान लुळी, छाती हलायची थांबत आलेली. डॉक्टरीणबाईंनी झटकन घशात नळी घातली, ब्रदरांनी विषावरचं औषध सुरू केलं. मशीनवर आधीच एक म्हातारी होती. त्यामुळे पिशवी आली भिंगरीच्या हातात.

"अहो, गेले का हो हे?" बायकोने हंबरडा फोडला.

"ताई, हळू बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विषाने अंग लुळं पडलंय, पण माणूस आत जागा आहे, सगळं ऐकतोय. विष उतरेपर्यंत त्याचा श्वास आपण घ्यायचा." तेवढ्यात बाळंतिणीच्या खोलीतून हाक आली. डॉक्टरीणबाई धावल्या. जाता जाता भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "चल, बोल."

पण भिंगरीचा हात तोवर सुटला होता. फटाफट, फटाफट. रक्तदाबाचा आकडा घसरला. बायको एकदा त्या आकड्याकडे बघे, एकदा हिच्या तोंडाकडे. भिंगरीने डोळे त्याच्या छातीवर रोवले.

"माझा एक मामा होता," ती म्हणाली आणि पिशवी दाबली. हात सैल सोडला. "विहिरी खणायचा." परत दाबली. "एकदा इतकं खोल खणलं, की खालून कोणीतरी ओरडलं, अहो, जरा हळू, पोरं झोपलीत!"

छाती वर आली, सावकाश खाली गेली. आकडा सावरला.

मग मामाने खालच्या लोकांची माफी मागितली. त्यांनी त्याला पाहुणा म्हणून ठेवूनच घेतलं. त्यांच्यात पाऊस खालून वर पडायचा, म्हणून छत्र्या पायाला बांधायच्या. दुपार कलली. भिंगरीच्या हाताला गोळे आले तेव्हा ब्रदरांनी पिशवी धरली, पण गोष्ट तिचीच. वाक्य संपलं की त्यांनी दाबायचं. शेजारच्या खाटेवरचा दमेकरी नकळत त्याच तालात श्वास घ्यायला लागला आणि पुढे वर्षभर त्याला धाप म्हणून लागली नाही. वरचा पंखासुद्धा म्हणे वाक्य पुरं झाल्याशिवाय फेरा पुरा करेना. बायकोने डोळे पुसले आणि विचारलं, "मग? पुढे काय झालं?" आता तर थांबायची सोयच उरली नाही.

संध्याकाळी त्याची पापणी हलली. मग बोट. मग पिशवी दाबायच्या आधीच छाती आपणहून वर आली. परतलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मान उचलायला लावली, हात दाबायला लावला, बराच वेळ नुसतं बघत राहिल्या आणि मग नळी काढली. तो खोकला. आणि छाती थबकली.

बायकोने भिंगरीचं मनगट घट्ट धरलं.

"बोल गं," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. "त्याला तुझ्या तालाची सवय झालीय."

भिंगरीच्या डोक्यात काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. मामाला विहिरीतून वर काढायचं तेवढं बाकी होतं. "मग मामा दोर धरून वर आला," ती म्हणाली. छाती वर आली. "काठावर मामी उभी होती." छाती खाली गेली. "तिने त्याला ओळखलंच नाही. म्हणाली..."

"थांबा, सिस्टर." आवाज खाटेवरून आला, घोगरा, फाटका. अर्धवट उघड्या डोळ्यांनी तो तिच्याकडे बघत होता. "काहीही थापा मारू नका. दुपारी तुम्हीच म्हणालात, मामाचं लग्नच झालं नव्हतं. मग ही मामी कुठून उपटली?"