एक्क्याण्णव सालाचा दोष

चिमाजीनं चहाची बशी बाजूला सारली, काखेतून आणलेलं कॅलेंडर घोंगडीवर पसरलं आणि जानेवारीच्या पानावर बोट रोवलं.

“सतरा जानेवारी. तुमच्या शेवंताची सुपारी फुटली. आन त्याच दिशी तिकडं आखातात लढाई लागली. खोटं आसंल तर सांगा.”

“बराबर हाय,” रखमाजी म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सरूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला ‘बराबर हाय’ सोडून दुसरं काही बोलताच येत नाही की काय! सोयरीक जुळल्यापासून हा गृहस्थ मुलाकडच्यांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावत आला होता. आणि हा चिमाजी, नवऱ्या मुलाचा चुलता. मुलाचा बाप नाही, म्हणून सगळा कारभार ह्याच्या हातात. येडगावच्या ग्रामपंचायतीत शिपाई होता, तिथं येणारं वर्तमानपत्र सरपंचाच्या आधी हाच वाचून काढायचा. दिल्लीत कुणाला शिंक आली तरी ह्यानं ती तारखेसकट टिपून ठेवलेली.

त्यानं थुंकी लावून पानं उलटली.

“सहा मार्च. ओतूरला बस्ता बांधला. घरी जाऊन रेडिओ लावतो, तर पंतप्रधानांचा राजीनामा!”

“बस्ता आपल्या दहा माणसांचा व्हता, भाऊ,” सरूबाई म्हणाली. “दिल्लीवाल्यांचं कापड आपुन न्हवतं फाडलं.”

चिमाजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेजारी मांडी घालून बसलेला नवरा मुलगा, अमृत, घोंगडीची दशी बोटाला गुंडाळत होता.

मे महिन्याचं पान आलं तेव्हा सरूबाईनं तोंड फिरवलं. एकवीस मेच्या संध्याकाळी शेवंताला हळद लागली होती. दुसऱ्या दिवशी लग्न. त्याच रात्री मद्रासच्या बाजूला प्रचाराच्या सभेत माजी पंतप्रधानांची हत्या झाली आणि सकाळ उजाडली ती बंद दुकानांची. एसटी बंद, वाजंत्रीवाले येईनात, टेंपोवाला घरात दडी मारून बसलेला. इकडं डिंगोऱ्यात दारापुढं मांडव, पातेली भरून बुंदी, पाटावर पिवळीधमक पोर, आणि येडगावच्या वऱ्हाडाचा पत्ता नाही! त्याच दिवशी वरच्या आळीतल्या ठकूबाईची नवी सून पाच माणसांनिशी, वाजंत्रीशिवाय, शेजारच्या गावाहून पायी चालत घरात आली. मनात असलं की वाट सापडते. ह्यांना ती दुसऱ्या दिवशीही सापडली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सरूबाईनं घरोघर बुंदी वाटली आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं, तारीख पुढं गेली, लग्न मोडलं नाही. शेवंताच्या अंगावरची हळद जायला आठवडा लागला.

“आन आता गेल्या आठवड्यात, वीस आक्टोबर,” चिमाजी म्हणाला. “नवी तारीख काढायला आमी सकाळच्या गाडीनं हिकडं निघणार, तर पहाटं हिमालयात भूकंप. शेकड्यानं माणसं गाडली गेली.” त्यानं कॅलेंडर मिटलं. “एकदा व्हतंय, दोनदा व्हतंय. पण चार येळा? पावणं, पोरगी कामाची हाय, गुणाची हाय. पण तिचा पाय पांढरा हाय.”

आत चुलीपुढं शेवंताच्या फुंकणीचा आवाज चालला होता. तो थांबला.

दुसरं कुणी असतं तर पाहुण्यांना तिथल्या तिथं वाट दाखवली असती. पण शेवंताला एकवीस सरत आलं होतं. ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून सोयरीक मोडली, की ओतूरपासून नारायणगावापर्यंत एक घर तिला उंबऱ्याशी उभं करणार नव्हतं. सरूबाईनं राग गिळला.

“मग काय करायचं म्हणता?”

“आमी भटजीला इचारूनच आलोय. पोरीचं आदी घागरीशी लगीन लावायचं. अंतरपाट, अक्षता, समदं. मग घागर नदीत सोडून द्यायची. दोष तिच्यासंगं वाहून जाईल. तुमच्या दारात, गावातल्या चार माणसांदेखत झालं पायजे, म्हंजी पुढं कुणी बोलायला नको.”

“बराबर हाय,” रखमाजी पुटपुटला.

“काय बराबर हाय?” सरूबाई उसळली आणि उंबरा ओलांडून सरळ बाहेरच्या खोलीत आली. “गावाला बोलवून सांगायचं, की माज्या पोरीनं देश बुडावला? भाऊ, सुपारीची तारीख कुणी काढली? तुमी. बस्त्याचा वार कुणी ठरवला? तुमी. लग्नाचा मुहूर्त कुणी आणला? तोबी तुमीच. मग पाय कुणाचा पांढरा?”

“तारखा चांगल्याच व्हत्या,” चिमाजी शांतपणे म्हणाला. “चांगल्या तारखांनाबी वाईट झालं, म्हणून तर दोष पोरीचा.”

ह्या माणसापुढं डोकं आपटून तरी काय उपयोग होता! सरूबाई अमृतकडं वळली.

“तुमी बोला. संसार तुमाला करायचाय. तुमाला काय वाटतं?”

अमृतनं दशी आणखी घट्ट गुंडाळली. “काकांनी समदं बघितलंय,” तो म्हणाला.

चिमाजीला आता जोर चढला. तो पुढं सरकला. “ऱ्हाऊ द्या. आमचं ऱ्हाऊ द्या, विहीणबाई. तुमी देवाला मानता ना? मग खंडोबाची आण घेऊन सांगा. चार बातम्या ऐकल्या तुमी. तुमच्या मनात हे एकदाबी आलं न्हाई?”

रखमाजीनं बायकोकडं पाहिलं आणि ‘न्हाई म्हण’ अशी मान हलवली. एका शब्दाचं काम होतं. पण खंडोबाची आण घातलेली, आणि आत पोर ऐकत होती.

“आलं,” सरूबाई म्हणाली.

“झालं तर मग!” चिमाजीनं मांडीवर थाप मारली.

“थांबा. त्या भूकंपाचं रेडिओवर ऐकलं, तवा शेवंता अंगण झाडत व्हती. माजी नजर तिच्या पायांकडं गेली. तिकडं लेकरंबाळं दगडाखाली मेली आन मी माज्या लेकीचं पाय बघत व्हते.” तिचा आवाज फाटला. “मला माजी लाज वाटली, भाऊ. चार दिवस जेवण ग्वाड लागलं न्हाई. तुमी तर कॅलेंडर काखंत घालून गावोगाव फिरताय. तुमाला कशी वाटत न्हाई?”

सरूबाई आत गेली. पेटीतून सुपारीची साडी काढून आणली आणि कॅलेंडरावर ठेवली.

“अगं, काय करतीस!” रखमाजी ओरडला.

“उठा,” ती पाहुण्यांना म्हणाली. “साडेचारची एसटी गावंल.”

चिमाजी तणतणत निघाला. येडगावात काय सांगायचं ते मी सांगीन, असं फाटकापर्यंत दोनदा म्हणाला. अमृत साडी छातीशी धरून त्याच्या मागं गेला.

रखमाजी ओट्यावर डोक्याला हात लावून बसला. “आता हिला कोण करील?” तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं स्वतःचं काही विचारलं होतं.

सरूबाई मागच्या दारी गेली. शेवंता मोरीवर पाहुण्यांच्या कपबश्या विसळत होती. ती तिच्याजवळ उकिडवी बसली.

“माज्या तोंडून तसं निघाया नको व्हतं,” सरूबाई म्हणाली. “रागावलीस?”

“न्हाई.”

“मग बोल की काईतरी.”

“तू बघत व्हतीस, ते मला त्याच येळी कळलं व्हतं.”

“मग बोलली का न्हाईस बाई? भांडली का न्हाईस?”

शेवंतानं बशी पालथी घातली, हात पदराला पुसले.

“मीबी तिकडंच बघत व्हते, आई.”