कोपराची जागा

त्या दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. पण गाडी दोघींच्या नावावर. म्हाताऱ्यानं ऐन भरात असताना घेतलेली, लांबलचक, श्रीमंती थाटाची. पुढं ती त्याच्या पोरानं तळहातावरच्या फोडासारखी जपली. आता पोरगाही गेला, नि मागं राहिल्या त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण.

भावजयीला गाडी विकून शिवणकामाला गॅरेज मोकळं हवं होतं. शिलाईचं मशीन स्वयंपाकघरात, त्यामुळं गिऱ्हाइकाच्या कोटाला कांद्याचा वास. दोन गिऱ्हाइकं त्यापायी तुटली होती. तिसरं तुटलं तर मशीनला कुलूपच.

जुन्या गाड्या जमवणारा एक गडी आला, खिशात भिंग घेऊन. आल्याआल्या म्हणाला, "मला मूळची गाडी पाहिजे. कुठं नवा रंग दिसला की मी उठलो."

गाडी जरा बरी दिसावी म्हणून भावजयीनं फळीवर ब्रश नि हुबेहूब त्याच रंगाचा डबा आणून ठेवला होता. कामाच्या गर्दीत उघडायचाच राहिला, म्हणून वाचली.

तेवढ्यात नणंद आली. सौदा मोडायलाच आली होती, हे तिच्या चालीवरूनच कळत होतं.

"घ्या, घ्या," ती भिंगवाल्याला म्हणाली. "सीट बघितलीत? भेगा पडल्यात नुसत्या."

"कातडं पहिलंच दिसतंय," तो खूश होऊन म्हणाला.

"टपाचं कापड पिवळं पडलंय."

"वा."

"आणि ह्या दाराचा तर रंगच उडालाय. बाबा खिडकीत कोपर टेकून चालवायचे. पार पत्रा दिसतोय."

भिंगवाला गुडघ्यावर बसला नि त्या जागेला भिंग लावून हसला. "ही जागा कुणी बुजवली नाही, हेच नशीब. घेतली गाडी."

भावजयीला हसू आवरेना. "अजून सांगा ना, वन्सं. तुमच्या तोंडानं तर चांगलीच खपतेय."

नणंदेचा चेहरा पडला. मग तिची नजर फळीवर गेली. तिनं डबा उचलला, झाकण उचकटलं, ब्रश बुडवला नि त्या कोपराच्या जागेसमोर जाऊन उभी राहिली.

"आता विक तुझी मूळची गाडी."

"बाई, हात लावू नका," भिंगवाला म्हणाला.

"तुम्ही मधे पडू नका. हे आमच्या घरचं आहे."

भावजय जागची हलली नाही. ओढाताण केली तर रंग दारावर उडणार, हे तिला कळत होतं.

"मारा फटका," ती म्हणाली. "माझं काय जातंय? मी शिवीन चुलीशेजारी. पण तुमच्या बाबांचं कोपर तिथं एवढंच उरलंय, वन्सं. बुजवायचं तर तुमच्याच हातानं बुजवा."

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. बघत उभी आहे."

नणंदेचा हात तसाच राहिला. ब्रशावरनं रंग ओघळला, टपकन तिच्याच चपलेवर पडला. तिनं बराच वेळ त्या उघड्या पत्र्याकडं बघितलं. मग ब्रश डब्यात टाकला नि भिंगवाल्याला म्हणाली, "कुठं सही करायची ते दाखवा. आणि ही जागा पुढं कुणी बुजवली ना, तर तुमच्या दारात येऊन बसेन."

सही झाली. भावजयीनं रॉकेलचा बोळा पुढं केला. "चप्पल पुसून घ्या. वाळला तर निघायचा नाही."

"राहू दे," नणंद उंबऱ्याकडं वळत म्हणाली. "तुझ्या घरातनं काहीतरी तर घेऊन जाते."